चौपदरी हायवेवरची लेन आणि हायवेला लागण्याची रीत: खान्देशातल्या चालकांसाठी

मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्याला एकमेकांना छेदतात. जुने क्रमांक तीन आणि सहा अजून लोकांच्या तोंडी आहेत. नव्या क्रमांकांप्रमाणे धुळ्याहून नाशिककडे ६०, शिरपूर–सेंधव्याकडे ५२, आणि नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर असा आडवा जाणारा ५३. यांचे चौपदरी झालेले भाग ‘मोठे’ वाटतात, पण चौपदरी म्हणजे आपल्या दिशेला फक्त दोन लेन. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर एका दिशेला तीन लेन आहेत. तिथे एक अडली तरी दोन उरतात. आपल्याकडे एक अडली की अर्धा रस्ता गेला.

त्यात या दोन लेनवर कोण कोण असतं ते बघा. कापसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर २०–२५ च्या वेगाने, भरलेला ट्रक ५०–६० ने, एसटी ७०–८० ने, मोटार १०० ने, आणि कडेने दुचाकीवर तिघं. ताशी १०० म्हणजे सेकंदाला २८ मीटर. पुढे २५ च्या वेगाचा ट्रॅक्टर असेल तर दोघांमधलं अंतर सेकंदाला २१ मीटरने कमी होतं, म्हणजे २०० मीटरवर दिसलेला ट्रॅक्टर दहा सेकंदांत बोनेटसमोर येतो. वेगांमधला हा फरक फार घातक असतो. लेन पाळायची ती हा फरक वेगळ्या पट्ट्यांत वाटून टाकण्यासाठी.

डावी लेन राहण्याची, उजवी कामापुरती

नियम एका वाक्यात मावतो: डाव्या लेनमध्ये चालायचं, ओव्हरटेकसाठी उजवीत जायचं, काम झालं की परत डावीकडे यायचं. हा नियम ठाऊक नसलेला चालक क्वचितच सापडतो, पण पाळताना तो कमी दिसतो, आणि न पाळणाऱ्यांची कारणं अगदीच पोकळ नाहीत. डाव्या लेनमध्ये ट्रकच्या चाकांनी नाळ्या पडलेल्या असतात, ढाब्यासमोर अर्धा ट्रक लेनमध्ये उभा असतो, सर्व्हिस रोडवरून दुचाकी अचानक वर येते, राँग साइडने कुणी समोर येतं. म्हणून मोटारवाले उजवी लेन धरून बसतात. मग मागून येणारा डावीकडून कट मारतो, त्याला बघून तिसराही तेच करतो, आणि दोन्ही लेनमध्ये कोण कोणत्या बाजूने येईल याचा नेम उरत नाही.

यावर एक हिशोब वापरा. हायवेच्या कडेला पिवळ्या माथ्याचा किलोमीटरचा दगड असतो आणि त्याच्या मध्ये २, ४, ६, ८ असे छोटे दगड. या दोन दगडांतलं अंतर २०० मीटर. डाव्या लेनमध्ये पुढचे दोन दगड, म्हणजे ४०० मीटर मोकळे दिसत असतील तर डावीकडे या. ट्रकांची रांगच लागली असेल आणि दोन ट्रकांमध्ये १००–१५० मीटरच फट असेल, तर प्रत्येक फटीत शिरून पुन्हा बाहेर पडण्याची गरज नाही. दर वेळी लेन बदलणं हाच धोका आहे. अशा वेळी उजवीतच राहा, पण दोन अटींवर: तुमचा वेग डाव्या रांगेपेक्षा किमान १५–२० ने जास्त हवा, आणि मागून कुणी वेगाने आला तर पुढच्या पहिल्या फटीत शिरून त्याला साइड द्यायची.

‘मी १०० वरच आहे, मर्यादाही तेवढीच आहे, मग मागच्याला का साइड द्यावी?’ हा प्रश्न हमखास येतो. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला १००, मोठ्या प्रवासी वाहनाला ९०, मालवाहू वाहनाला आणि मोटारसायकलला ८० ही कमाल मर्यादा आहे. फलकावर त्याहून कमी आकडा असेल तर तोच खरा. हे सगळं बरोबर, पण मागच्याचा वेग रोखण्याचं काम तुमचं नाही. तुम्ही अडवल्याने तो हळू होत नाही, तो डावीकडून जातो, आणि डावीकडे तुमच्या आरशाला न दिसणारी दुचाकी असते.

ट्रकचालकांनी एक गणित करून बघावं. पुढचा ट्रक ७६ ने चाललाय, तुम्ही ८० ने. फरक ताशी ४, म्हणजे सेकंदाला एक मीटरपेक्षा जरासा जास्त. दोन्ही ट्रक १२–१२ मीटरचे, आधी आणि नंतर ३०–३० मीटर अंतर धरलं तर एकूण ८४ मीटर पुढे सरकायचंय. त्याला ७५ सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात तुम्ही उजवी लेन जवळजवळ पावणेदोन किलोमीटर अडवून ठेवता. मागे वीस गाड्या साचतात आणि वाट मोकळी झाली की त्या सगळ्या एकदम सुटतात. सोनगीर ते नरडाणा या सपाट, सरळ पट्ट्यात हे दृश्य नेहमीचं. वेगातला फरक किमान १०–१५ नसेल तर ओव्हरटेक सोडून द्या. आणि ज्याला ओव्हरटेक केलं जातंय त्याने पाच सेकंद ॲक्सिलेटरवरचा पाय हलका केला तर पाऊण मिनिट वाचतं. हे करणारे जुने चालक आहेत, आणि त्यांच्या मागची वाहतूक सुरळीत चालते हे मैलभर मागूनही कळतं.

लेन बदलताना

क्रम असा: आतला आरसा, ज्या बाजूला जायचं तो बाहेरचा आरसा, इंडिकेटर, मग मान वळवून खांद्यावरून एक नजर, आणि मगच स्टिअरिंग. इंडिकेटर आणि स्टिअरिंग एकदम हलवणं म्हणजे इंडिकेटर न दिल्यासारखंच. चार वेळा लुकलुकू द्या. त्याला साधारण तीन सेकंद लागतात, आणि मागच्याला पाय ब्रेककडे नेण्याएवढा वेळ मिळतो. बाजूला येणाऱ्या मोटारसायकलला आरसा दाखवत नाही, म्हणून मान वळवायची.

ओव्हरटेक झाल्यावर डावीकडे कधी यायचं? मागे टाकलेल्या गाडीचे दोन्ही हेडलाइट तुमच्या आतल्या आरशात पूर्ण दिसले की. बाहेरच्या आरशावर विसंबू नका, त्याची फुगीर काच गाडी आहे त्याहून लांब दाखवते. भरलेल्या ट्रकच्या पुढे येताना तर आणखी दोन सेकंद थांबा. ८० च्या वेगातला भरलेला ट्रक, चालक सावध असला आणि ब्रेक चांगले असले तरी, थांबायला ८०–९० मीटर घेतो. त्याने मुद्दाम राखलेल्या अंतरात तुम्ही शिरलात तर त्याचं ते अंतर तुम्ही खाल्लंत.

अंतर मोजायची सोपी रीत: पुढची गाडी एखाद्या खांबापाशी किंवा दगडापाशी पोहोचली की ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणा. तिसऱ्याच्या आधी तुम्ही तिथे पोहोचलात तर फार जवळ आहात. पावसात सहा, भरलेल्या ट्रकला कोरड्या रस्त्यावरही पाच. ‘अंतर ठेवलं की कुणीतरी मध्ये शिरतं’ ही तक्रार खरी आहे. शिरू द्या. पाय थोडा उचलला की अंतर पुन्हा तयार होतं. धुळे ते जळगाव वाटेत दहा जण शिरले तरी तुमचं अर्धं मिनिटही जात नाही.

ट्रकच्या बाजूने जाताना त्याच्या आरशात चालकाचा चेहरा बघा. तो तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. सर्वांत वाईट जागा डाव्या बाजूला केबिनच्या दाराखाली. तिथे छोटी गाडी पूर्ण लपते.

आता खुणांबद्दल. इथे गफलत फार होते. आपल्याकडे डिपर मारणं म्हणजे ‘मी येतोय, थांब’. काही देशांत त्याचाच अर्थ ‘तू जा’ असा घेतात, त्यामुळे बाहेरून गाडी चालवून आलेल्याने हे आधी नीट समजून घ्यावं. ट्रकच्या उजव्या इंडिकेटरचे तर दोन अर्थ निघतात: कुणी तो ‘मी उजवीकडे येतोय’ म्हणून देतो, कुणी ‘तुम्ही निघा’ म्हणून. दोन्ही अर्थ चालू असल्याने एकट्या इंडिकेटरवर कधीच निघू नका. ट्रकचं पुढचं चाक बघा, पुढे दुभाजकात कट आहे का बघा, त्याचा वेग कमी होतोय का बघा. कट जवळ आणि वेग कमी, म्हणजे तो वळणार. चारही इंडिकेटर लावून सरळ जाण्याची सवयही सोडा. त्यात डावं-उजवं काहीच कळत नाही.

उजवी लेन अडलेली असेल तर तीन सेकंदांच्या अंतरावर राहून एकदा डिपर, एकदा हॉर्न, आणि मग दहा-पंधरा सेकंद वाट. बहुतेक चालक पुढची फट मिळाली की साइड देतात. बंपरला चिकटून हॉर्न दाबून धरला तर समोरचा गोंधळतो किंवा हट्टाला पेटतो, आणि तुम्हाला पुढचं काहीच दिसत नाही.

हायवेला लागताना

चालत्या रांगेत शिरण्याचं तत्त्व एकच: आधी वेग जुळवा, मग जागा घ्या. थांबून, जागा मिळेल तशी घुसवून, मग वेग वाढवणं हे उलटं होतं, आणि फाट्यावरचे बरेच अपघात याच उलट क्रमातून होतात.

सर्व्हिस रोडवरून किंवा उड्डाणपुलाच्या बाजूच्या रस्त्याने वर येत असाल तर वर चढण्याआधीच हायवेकडे बघायला सुरुवात करा. फट शोधा, तिसऱ्या किंवा चौथ्या गियरमध्ये ५०–६० गाठा, इंडिकेटर चालू ठेवा, आणि डाव्या लेनमध्येच या. थेट उजवीत जायचं नाही. डाव्या लेनमध्ये दोन-तीनशे मीटर चालून मागची वाहतूक समजली की मग हवं तर ओव्हरटेक. हायवेवर आधीपासून असलेल्याचा हक्क पहिला. पण हायवेवरच्या मोटारवाल्यानेही, उजवी लेन मोकळी असेल तर, वर येणाऱ्यासाठी थोडा वेळ उजवीकडे सरकावं. मोकळी नसेल तर पाय उचलावा. ब्रेक मारून थांबून ‘ये भाऊ’ म्हणून हात करणं टाळा. तुम्ही मनाने चांगलं करता, पण तुमच्या मागच्याला ते अपेक्षित नसतं.

पेट्रोल पंप किंवा ढाब्यावरून निघताना अडचण वेगळी असते. पंपासमोर वेग वाढवायला ठेवलेल्या पट्टीवर बऱ्याचदा ट्रक उभे असतात, आणि डांबरी साइडपट्टी दीड मीटरची, म्हणजे मोटारीच्या रुंदीहून कमी. वेग जुळवायला जागाच नसते. मग भरपाई अंतराने करायची. चार माणसं बसलेली साधी मोटार शून्यापासून ६० पर्यंत जायला दहा सेकंदांच्या आसपास घेते. तेवढ्यात १०० ने येणारी गाडी २८० मीटर कापते. म्हणून मागच्या बाजूला डाव्या लेनमध्ये किमान दीड दगडाचं, म्हणजे ३०० मीटरचं अंतर मोकळं दिसल्याशिवाय चाक डांबरावर घालू नका. उभ्या ट्रकच्या आड राहून अंदाज घेऊ नका. मागचं स्पष्ट दिसेल अशा जागेपर्यंत पंपाच्या आवारातच पुढे या.

सर्वांत अवघड म्हणजे दुभाजकातला कट. खान्देशात शेत एका बाजूला आणि गाव दुसऱ्या बाजूला, असं पावलोपावली आहे. ट्रॅक्टर, बैलगाड्या, दुचाकी सगळे कटमधून जातात, आणि काही कट तर लोकांनी स्वतःच दुभाजक फोडून केलेले असतात. कटमधून उजवीकडे वळलात की तुम्ही आधी उजव्या, म्हणजे वेगाच्या लेनमध्ये येता. वर दिलेला सगळा क्रम इथे उलटा होतो, म्हणूनच ही जागा जीवघेणी आहे.

ट्रॅक्टर-ट्रॉलीचं गणित पाठच करून ठेवावं. दोन लेन सात मीटर, साइडपट्टी दीड मीटर, आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीची लांबी आठ-नऊ मीटर. मागची ट्रॉली लेनच्या बाहेर निघेपर्यंत सतरा-अठरा मीटर जायचं असतं, आणि थांबलेल्या जागेवरून पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये त्याला आठ-नऊ सेकंद लागतात. तेवढ्यात मोटार अडीचशे मीटर येते. दोन्ही लेनमध्ये दीड-दोन दगड मोकळे दिसल्याशिवाय निघायचं नाही. रात्री लांबच्या दिव्यांवरून वेग कळत नाही, तेव्हा कटमधून जाणंच टाळून अंडरपास गाठावा. दोन-तीन किलोमीटरचा फेरा पडतो, डिझेल लागतं, हे खरं आहे. त्यासाठी राँग साइडने साइडपट्टीवरून जाणारे रोज दिसतात. पण समोरून येणाऱ्याला तुमचा दिवा पलीकडच्या रस्त्यावरचा वाटतो, आणि तुम्ही त्याच्याच लेनच्या कडेला असता.

मोटारीने कटमधून वळताना दुभाजकाच्या रुंदीत तुमची पूर्ण गाडी मावते का ते आधी बघा. मावत नसेल तर ‘अर्धं पार करून मध्ये थांबतो’ हा विचार सोडा. गाडीचा मागचा भाग तुम्ही आलात त्या बाजूच्या उजव्या लेनमध्येच राहतो. आणि कट दिसला की सरळ जाणाऱ्यानेही पाय ॲक्सिलेटरवरून काढून ब्रेकवर ठेवावा. फागणे, मुकटी अशा गावांजवळून जाताना उजव्या लेनमधून डाव्या लेनमध्ये आलेलं चांगलं.

दोनाची एक लेन होते तेव्हा

पुलाचं काम, डायव्हर्जन, उलटलेला ट्रक: कारण काहीही असो, दोन लेन एकीत जाताना काय करायचं हे वेगावर ठरतं. वाहतूक ६० च्या वर वेगाने चालली असेल तर फलक दिसताच, तीन-चारशे मीटर आधीच, मोठी फट बघून चालू राहणाऱ्या लेनमध्ये या. इथे शेवटपर्यंत जाणं म्हणजे शेवटी जोरात ब्रेक.

पण वाहतूक मुंगीच्या वेगाने सरकत असेल तर रीत बदलते. दोन्ही लेन शेवटपर्यंत भरा, आणि जिथे बॅरिकेड लागतं तिथे एक डावीकडची, एक उजवीकडची, अशा पाळीने पुढे जा. पँटच्या चेनचे दात जसे एकाआड एक बसतात तसं. सगळे एकाच लेनमध्ये दोन किलोमीटर आधीपासून रांग लावून बसले की रांग दुप्पट लांब होते, मागच्या फाट्यापर्यंत पोहोचते आणि तिथली वाहतूकही बंद पडते. वर मोकळ्या लेनमधून कुणी पुढे गेला की रांगेतले चिडून एकमेकांना चिकटतात. जर्मनीत ही एकाआड एकची पद्धत थेट वाहतूक नियमांत लिहिलेली आहे. आपल्याकडे ती समजुतीवर चालते, त्यामुळे खूण महत्त्वाची: इंडिकेटर, समोरच्याकडे नजर, हात वर करून आभार. तुम्ही एकाला सोडायचं, दोघांना नाही. आणि एकाच्या मागे चिकटून दुसरा म्हणून घुसायचं नाही.

साइडपट्टीवरून पुढे जाणं याहून वेगळं. तो पुढे जाऊन जिथे परत घुसतो तिथे एकाला ब्रेक दाबावा लागतो, त्याच्या मागच्याला जास्त जोरात, त्याच्या मागच्याला थांबावंच लागतं. जपानी संशोधकांनी २३० मीटर घेराच्या वर्तुळात २२ मोटारी सारख्या वेगाने चालवायला लावल्या होत्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात कसलाच अडथळा नव्हता, तरी थोड्या वेळात गाड्या थांबू लागल्या आणि ही कोंडीची लाट मागे मागे सरकत गेली. नुसत्या थोड्या पुढे-मागे झालेल्या वेगाने जर कोंडी तयार होत असेल, तर मध्येच घुसलेल्या पिकअपने काय होईल याचा अंदाज येतो. म्हणून सरकत्या रांगेत फट मिळाली की धावून पुढच्याला चिकटू नका. पहिल्या गियरमध्ये संथपणे चालत राहा, ब्रेकची लाट तुमच्यापाशी संपवा. क्लचही वाचतो.

टोलनाक्यावर फास्टॅगमुळे थांबणं कमी झालं, पण लेनचे गोंधळ तसेच आहेत. ३०० मीटर आधी लेन ठरवा आणि मग बदलू नका. शेजारची रांग लवकर सरकतेय असं नेहमीच वाटतं. खरी गडबड नाका ओलांडल्यावर: सहा-आठ बूथमधून सुटलेल्या गाड्या शंभर-दोनशे मीटरमध्ये पुन्हा दोन लेनमध्ये येतात. डावीकडच्या बूथमधून निघालेल्याने डावी लेन धरावी, उजवीकडच्याने उजवी, मधल्यांनी एकाआड एक. डावीकडच्या बूथमधून तिरकं थेट उजव्या लेनकडे पळणं हे इथल्या घासाघाशीचं कारण. पाण्याची बाटली घ्यायला किंवा पावती तपासायला नाक्यानंतर लगेच थांबू नका.

रस्ता पूर्ण अडला तर

दुभाजक ओलांडून समोरच्या बाजूने जाऊ नका. पहिली गाडी गेली की पन्नास जातात, समोरून येणारे अडकतात, आणि ज्या बाजूने क्रेन, पोलीस आणि १०८ ची रुग्णवाहिका येणार होती तीच बाजू बंद होते. मग अर्ध्या तासाची कोंडी चार तासांची होते. रांगेत उभं राहताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढी जागा सोडा, म्हणजे ती बंद पडली तरी तुम्हाला बाजूने निघता येतं. रांगेत तुम्ही शेवटचे असाल तर चारही इंडिकेटर लावा आणि मागे दोन-तीन गाड्या येऊन थांबेपर्यंत नजर आरशात ठेवा. रुग्णवाहिका मागून आली तर डाव्या लेनमधल्यांनी डावीकडे, उजवीतल्यांनी दुभाजकाकडे सरकून मधून वाट करायची. वाट न देण्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

घाट आणि हंगाम

लळिंग, कोंडाईबारी आणि मध्य प्रदेशाच्या हद्दीवरचा बिजासन हे तीन घाट. चढताना भरलेले ट्रक १५–२० वर येतात. एक ट्रक दुसऱ्याला घाटात ओव्हरटेक करायला निघाला तर दोन्ही लेन बंद. ट्रकने डावी लेन सोडू नये, मोटारीने वळणावर ट्रकला समांतर राहू नये, कारण लांब ट्रेलरची मागची चाकं वळणात आतल्या बाजूला सरकतात.

उतरताना ज्या गियरमध्ये ट्रक तो घाट चढला असता त्याच गियरमध्ये उतरवा. न्यूट्रल कधीच नाही. सतत ब्रेकवर उतरलं की ड्रम तापतात आणि नेमके पायथ्याशी ब्रेक धरत नाहीत. २०२३ च्या जुलैमध्ये पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर पुढच्या वाहनांना धडक देत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि अनेकांचे जीव गेले. आरशात एखादा ट्रक दिवे लावून, हॉर्न दाबून धरून येताना दिसला तर त्याच्यापुढे पळू नका, त्याची लेन सोडा. उतार संपल्यावर लगेच चहाला रस्त्याकडेला गाडी लावणंही टाळा.

दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत कापसाच्या गाड्या. ट्रॉलीच्या बाहेर फुगलेला कापूस मागचे दिवे झाकतो आणि अर्धी उजवी लेनही घेतो. लो बीममध्ये चाळीस-पन्नास मीटरच दिसतं, ८० च्या वेगात ते दोन सेकंदांत संपतं. ट्रॉलीच्या मालकांनी मागे दोन्ही कडांना लाल रिफ्लेक्टर पट्टी कापसाच्या बाहेर दिसेल अशी, लाकडी फळीवर लावून टांगावी. खर्च शंभर-दोनशे रुपयांचा आहे आणि याइतका उपयोगी खर्च दुसरा नाही. रावेर–सावदा भागातून निघणाऱ्या केळीच्या ट्रकांना वेळेची घाई असते, हेही ध्यानात ठेवून त्यांना लवकर साइड द्यावी.

चैत्रात वणीच्या सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेले खान्देशातले भाविक आग्रा रोडच्या कडेने, रात्रीसुद्धा, झेंडे घेऊन चालतात. या दिवसांत मात्र डावी लेन त्यांना सोडून उजवीतून ४०–५० ने जा, हॉर्न वाजवू नका. दचकलेला माणूस कुठेही सरकतो. पदयात्रेबरोबरच्या गाडीने मागे राहावं, दिवे लावून, माणसांच्या पुढे नाही.

गाडी बंद पडली तर

डावीकडे साइडपट्टीच्या जितकं बाहेर नेता येईल तितकं न्या, चारही इंडिकेटर लावा, माणसं कठड्याच्या पलीकडे उभी करा. धोक्याचा लाल त्रिकोण गाडीच्या मागे पन्नास पावलांवर एक आणि शंभर पावलांवर दुसरा ठेवा. वळणापुढे किंवा चढाच्या माथ्यापुढे गाडी असेल तर त्रिकोण माथ्याच्या अलीकडे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३. फाटा चुकला तरी याच भागात एक सांगायला हवं: मागे रिव्हर्स घेऊ नका, पुढचा अंडरपास गाठा.

त्रिकोण नसला की लोक दगड आणि बाभळीची फांदी मांडतात. नाइलाज असेल तर फांदी चालेल, दगड नको. रात्री तो कुणालाच दिसत नाही आणि मोटारसायकलवाला त्यावर पडतो. आणि जे काही मांडलं असेल ते गाडी सुरू झाल्यावर, निघण्याआधी, क्लीनरला पाठवून उचलून रस्त्याच्या पार बाहेर टाकायला लावा. नुसतं लाथेने साइडपट्टीवर ढकललेलं नको.